नापाससाहेबांची गाडी

सासऱ्यांनी अट घातली तेव्हा जावयाला ती अट वाटलीच नाही.

"येतो तुमच्याकडे राहायला," ते फोनवर म्हणाले, "पण माझी गाडी माझ्याबरोबर येणार. आणि ती ट्रेलरवर नीट बांधली गेली आहे असं मी म्हणेन, तेव्हाच ट्रेलर हलणार."

जावयाने एका दमात हो म्हणून टाकलं. चार पट्टे आवळायचे आणि निघायचं, त्यात काय डोंगर उचलायचाय, असं त्याला वाटलं. बिचारा भूगोलाचा शिक्षक. जगातल्या झाडून सगळ्या वाऱ्यांची नावं त्याला तोंडपाठ, पण आयुष्यात त्याने बांधलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शाळेच्या नाटकाचा पडदा, आणि तोही दुसऱ्या अंकात खाली आला होता.

आणि सासरे कोण, तर निवृत्त वाहन निरीक्षक. पस्तीस वर्षं तपासणी नाक्यावर उभं राहून त्यांनी ट्रक अडवले, दोर ओढून पाहिले, चाकांना लाथा मारून पाहिल्या आणि दहातले आठ ट्रक परत पाठवले. ड्रायव्हर मंडळी त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे नापाससाहेब. घरीही तोच खाक्या. बायको गाडी चालवायला शिकली आणि परीक्षेला बसली, तर यांनी तिला तीनदा नापास केलं. चौथ्यांदा ती माउली गुपचूप दुसऱ्या गावच्या कचेरीत जाऊन पास होऊन आली आणि पुढचा आठवडाभर त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मुलीची सायकल घंटी वाजत नाही म्हणून महिनाभर कुलपात पडली होती. जावयाला मात्र लग्नाच्या वेळी त्यांनी पास केलं होतं, 'तूर्तास' असा शेरा मारून.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यांना नापासाच्या चिठ्ठ्यांची बारा कोरी पॅडं भेट दिली. गंमत हा प्रकार साहेबांना कधी कळलाच नव्हता. त्यांनी ती पॅडं कपाटात रचून ठेवली आणि वापरायला काढली. दुधाची पिशवी गळकी निघाली, फाड चिठ्ठी. शेजारच्या शिंप्याने बाही अर्धा इंच लांब शिवली, फाड चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन रकाने असत: दोष, उपाय आणि मुदत. गुलाबी प्रत दोषी माणसाला, पांढरी स्वतःला, आणि पिवळी प्रत कचेरीला. आता कचेरीच उरली नसल्यामुळे पिवळ्या प्रती स्वयंपाकघरातल्या फडताळात कागद म्हणून अंथरल्या जात.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बायको गेल्यापासून साहेब घरात एकटेच, आणि दीड महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले. अख्खी दुपार ओल्या फरशीवर पडून होते. हातात सापडलेल्या मगाने भिंतीवर ठोकत राहिले, तेव्हा कुठे संध्याकाळी शिंप्याच्या कानावर आवाज गेला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून त्यांच्या मुलीची झोप उडाली. वर्गात शिकवताना, भाजी चिरताना, कुठेही असली तरी फोन वाजला की ती पांढरीफटक पडायची. नवऱ्याला तिने सरळ सांगितलं, "तू जा आणि बाबांना घेऊन ये. गाडी आण, घर आण, दारातलं झाड आण, काय वाटेल ते कर. पण ते इथे आले पाहिजेत. मला असं नाही जगता येत."

म्हणून जावई आठवड्याची रजा टाकून सोमवारी सकाळी जीप आणि ट्रेलर घेऊन सासऱ्यांच्या दारात हजर झाला. दोन्ही भाड्याचे. ट्रेलरवाल्याने बजावलं होतं की शनिवारी संध्याकाळपर्यंत ट्रेलर परत हवा, रविवारी त्यावरून एक होडी न्यायची आहे.

गाडी अंगणात उभी होती. चौकोनी, बिस्किटाच्या रंगाची, सहा वर्षांपासून इंजिन बंद. ट्रेलरला हाताने फिरवायची चरखी होती, तिची तार गाडीला लावून जावयाने दोन तास घाम गाळला आणि गाडी ओढून वर घेतली. चार कोपऱ्यांना चार पट्टे लावले, खटके मारून ताणले, हात झटकले आणि हाक मारली, "बाबा, झालं!"

साहेब बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, बगलेत पॅड धरून. त्यांनी ट्रेलरला एक चक्कर मारली. मग जीपच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहिलं.

"जावईबापू, इंजिन कुठे असतं गाडीत?"

"पुढे."

"आणि तुम्ही गाडी चढवलीत कशी?"

जावयाने पाहिलं. गाडीचं तोंड मागे होतं. म्हणजे सगळं वजन ट्रेलरच्या शेपटीवर, ट्रेलरचं नाक वर आणि जीपचा मागचा भाग उचलल्यासारखा झालेला.

"असे निघालात तर पहिल्या उतारावर हा ट्रेलर डुलायला लागेल," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "आणि मग मागचं वाहन पुढच्या वाहनाला फिरवून खड्ड्यात घालेल. उपाय: गाडी उतरवून वळवणे. मुदत: आज दुपार." त्यांनी गुलाबी प्रत फाडून जावयाच्या हातात ठेवली आणि चहा टाकायला आत गेले.

दुपारी गाडी वळवून झाली. नापास, पट्ट्याचा आकडा बंपरला अडकवला होता आणि बंपर हा शोभेचा भाग आहे. संध्याकाळी नापास, पट्ट्याला पीळ पडला होता. मंगळवारी सकाळी नापास, कारण आकडा चॅसीऐवजी ब्रेकच्या नळीशेजारी घातला होता. त्यानंतर चाकांना ठोकळे नव्हते. ठोकळे लावले तर ते चाकाला टेकलेले नव्हते. टेकवले तर जीपच्या आणि ट्रेलरच्या जोडाखालच्या दोन साखळ्या एकमेकींना फुली मारून नव्हत्या. "जोड निसटला, तर ट्रेलरचं नाक या फुलीच्या झोळीत पडतं, नाहीतर रस्त्यात रुततं," साहेबांनी समजावलं. ते समजावत छान. जावयाच्या मनात आलं, हा माणूस नाक्यावर वाया गेला, शाळेत हवा होता. मग त्याला शाळेतल्या मुलांची दया आली.

मंगळवारी रात्री त्याने बायकोला फोन केला, तेव्हा त्याच्याकडे अकरा चिठ्ठ्या जमल्या होत्या.

"अकरा?" ती म्हणाली. "आईच्या वेळी तिनावर थांबले होते ते."

"अगं, पण प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर असतं. हीच तर पंचाईत आहे."

"ते कसे आहेत?"

"उत्तम. माझ्यापेक्षा दसपट उत्तम."

आणि ते खरंच होतं. सासरे खुलले होते. चालताना काठी विसरत होते. बुधवारी तर गल्लीला सुगावा लागला की साहेबांच्या अंगणात पुन्हा नाका सुरू झालाय, आणि लोक येऊन कुंपणाशी उभे राहू लागले. आधी पाहायला, मग बोलायला, आणि मग, लोकांना काही धरबंध असतो का, स्वतःच्या वस्तू तपासून घ्यायला. पाववाल्याने सायकलवरच्या पेट्या आणल्या: नापास, वरची पेटी दोरीशिवाय. एका आईने बाळाची ढकलगाडी आणली: नापास, डावं चाक लुळं आणि बाळाचा पट्टा सैल. बाळ रडायला लागलं. साहेबांनी चिठ्ठी बाळाच्या नावाने फाडली, नाव विचारून, अक्षर सुधारून. एक गृहस्थ नुसतेच आले आणि म्हणाले, "साहेब, माझ्याकडे आणायला काही नाही, पण मला बघा जरा." साहेबांनी त्यांनाही नापास केलं, बुटाची नाडी सुटलेली होती. माणूस चिठ्ठी घेऊन असा खुशीत घरी गेला की जणू बक्षीस मिळालंय.

शिंपी तर दुकान सोडून दिवसभर अंगणातच. काटकुळा, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. साहेब जाणार म्हणून त्याला मनापासून वाईट वाटत होतं आणि ते लपवायला त्याने जावयाला मदत करायचा सपाटा लावला होता. पट्टा बघून तो म्हणायचा, "कापड चांगलंय हो. वीण घट्ट आहे."

या सगळ्यात जावई हळूहळू शिकत गेला. कळत नकळत त्याचा हात बसला. गाडीचं वजन ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे कसं आणायचं, मागचे पट्टे तिरके का लावायचे, खटका कुठवर ताणला की गाडी स्प्रिंगांवर जराशी दबते आणि तिथेच थांबायचं, पट्ट्याची उरलेली शेपटी वाऱ्यावर फडफडू नये म्हणून कशी गुंडाळून बांधायची. हँडब्रेक, गिअर, खिडक्या, टायरची हवा, मागचे दिवे. गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू त्याने बाहेर काढली. एक छत्री निघाली, एक बूट, आणि मागच्या सीटखाली शाई वाळलेली नऊ पेनं. बुधवारी संध्याकाळी तो स्वतःच ट्रेलरभोवती फिरला आणि त्याला एकही चूक सापडली नाही. छाती फुगली त्याची. सासऱ्यांना त्याने हाक मारली नाही. म्हटलं, उद्या सकाळी, ताज्या उजेडात, ऐटीत पास होऊ.

गुरुवारी सकाळी तो दात घासत खिडकीशी उभा होता. अंगणात साहेब होते. अजून शर्टाची इस्त्री व्हायची होती, बनियनवरच होते. ते ट्रेलरच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी गेले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खटका उचलला आणि पट्टा सैल सोडला. कट, कट, कट. मग खटका बंद करून, हात पुसून, चपला न वाजवता घरात आले.

अर्ध्या तासाने शर्ट घालून तेच साहेब पॅड घेऊन बाहेर आले, चक्कर मारली, मागच्या डाव्या पट्ट्याला बोट लावलं आणि म्हणाले, "सैल. नापास."

जावई चिठ्ठी हातात घेऊन उभा राहिला. आधी त्याच्या अंगाची लाही लाही झाली. चार दिवस! चार दिवस हा माणूस मला गोल गोल फिरवतोय! पॅड हिसकावून घेऊन भिरकावून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण साहेब त्याच्याकडे पाहत नव्हते. पेनाला टोपण लावत होते आणि ते टोपण काही केल्या बसत नव्हतं, कारण हात थरथरत होता. पस्तीस वर्षांत या माणसाने एकाही ट्रकवाल्यावर खोटी चिठ्ठी फाडली नव्हती. आज पहिली फाडली होती. जावयाला एकदम फार वाईट वाटलं, आणि या माणसाचं वाईट वाटावं याचाच त्याला राग आला. तो वाकला आणि पट्टा ताणला.

दुपारी तोच पट्टा पुन्हा सैल निघाला. संध्याकाळी पुढचा उजवा.

शुक्रवारी जावयाने शिंप्यापुढे हात टेकले. का, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की पट्टे आपोआप सुटतायत. शिंपी विचारात पडला. दुपारी साहेबांची वामकुक्षी सुरू होती. शिंप्याने दुकानातून जाडी सुई आणि मेणाचा दोरा आणला आणि चारही पट्टे खटक्याच्या मागे शिवून टाकले. दुहेरी टीप, कोटाच्या कॉलरला घालतात तशी. वर गाठ मारून दाताने दोरा तोडला. "आता यमराज आला तरी उसवणार नाही," तो म्हणाला.

साहेब उठले, बाहेर आले, आणि त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"पट्ट्याला भोकं पाडलीत?"

"टीप आहे साहेब, पक्की."

"अहो, टनभर लोखंड धरून ठेवणारा पट्टा आहे हा, पायजमा नाही! सुईने जिथे जिथे धागा तुटला, तिथे तिथे पट्टा निम्म्याने कमकुवत झाला. ओळीने भोकं पाडलीत, तिकीट फाडायला पाडतात तशी!" साहेबांचा आवाज चढला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. चार दोष, चार चिठ्ठ्या. शिंप्याने त्या डोळ्यांत पाणी आणून घेतल्या. जावई बाजारात जाऊन नवे चार पट्टे घेऊन आला.

शनिवार उजाडला. ट्रेलरवाल्याचा फोन सात वाजताच आला, की होडीवाला माझ्या डोक्यावर बसलाय. त्यानंतर बायकोचा. "तू आज एकटा येऊ नकोस," ती म्हणाली. जावयाने नवे पट्टे लावले आणि या खेपेला तो तिथून हललाच नाही. चहासुद्धा ट्रेलरच्या काठावर बसून प्यायला. साहेब पॅड घेऊन आले. एक चक्कर. दुसरी. आडवे होऊन खाली पाहिलं. साखळ्या उचलून पाहिल्या. दिवे लावायला सांगितले, डावा, उजवा, ब्रेक. पट्ट्यांवर बोटं वाजवून पाहिली. कुंपणापाशी अख्खी गल्ली उभी. तिसरी चक्कर झाली. पेन उघडलं. पेन मिटलं.

दोष सापडत नव्हता.

साहेब ट्रेलरवर चढले. वयाच्या मानाने बरेच सफाईने चढले. गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर बसले, दार लावलं, काच खाली केली आणि पॅड बाहेर धरलं.

"घ्या. लिहा."

"काय लिहू?"

"नियम काय आहे? ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसलेला असेल, तर?"

"तर... तर ट्रेलर हलवायचा नाही."

"मग? दिसत नाही का माणूस? नापास करा मला."

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. "बाबा, तुम्ही खाली उतरलात की झालं."

"मी उतरणार नाही. ट्रेलर हलणार नाही. नियमाप्रमाणे सगळं ठीक आहे." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर, जीपच्या मागच्या काचेकडे, बघायला लागले.

मग मनधरणीला ऊत आला. शिंप्याने खिडकीतून चहा दिला, साहेबांनी घेतला. पाववाल्याने पाव दिला, तोही घेतला. बाळाची आई बाळ घेऊन आली, बाळाने हॉर्न दाबून पाहिला, तो वाजला नाही, बाळ रडलं. बुटाच्या नाडीवाले गृहस्थ म्हणाले की तसंच घेऊन जा, कुणाला कळतंय, आणि साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गर्दीतून दिसेनासेच झाले. ट्रेलरवाल्याचा पुन्हा फोन आला. त्याने विचारलं, ट्रेलर रिकामा आहे का भरलेला? जावई म्हणाला, जास्तच भरलाय.

शेवटी तो ट्रेलरवर चढून खिडकीशी उभा राहिला. गल्लीकडे पाठ केली. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, गुरुवारी सकाळी मी तुम्हाला पाहिलं. खिडकीतून."

साहेबांची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली.

"मग तेव्हाच का नाही पकडलंत?"

"पकडून काय करू? तुमचा हात थरथरत होता."

"बघा!" साहेब एकदम वळले, डोळे लाल झालेले. "हेच! हेच मला नकोय! मी चोरी केली आणि तुम्ही माझी दया केलीत. तिथे आलो की रोज हेच होणार. मी काही म्हणेन, तुम्ही दोघं म्हणाल, हो बाबा, बरोबर बाबा. वाद कुणी घालणार नाही. चूक काढणार नाही. इथे मी पडलो ना, तर निदान भिंतीवर ठोकता येतं. इथे मी साहेब आहे. तिथे मी कोण? कोपऱ्यातला म्हातारा. मला भीती वाटते हो तिथली." शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ऐकू यायला जावयाला वाकावं लागलं.

'तसं काही होणार नाही बाबा' असं जावयाच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि नेमकं तेच बोलायचं नव्हतं एवढं त्याला कळलं. त्याने पॅड घेतलं. साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. कार्बन नीट सरकवला आणि लिहायला लागला, फळ्यावर लिहितो तसं मोठ्या अक्षरात. लिहून झाल्यावर गुलाबी प्रत फाडून खिडकीतून आत दिली.

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं.

'दोष: एक. लादलेल्या गाडीत माणूस. दोन. निरीक्षकाने स्वतः पट्टा सोडून खोटी चिठ्ठी फाडली, तीन वेळा. तीन. मुलगी दीड महिना झोपलेली नाही, हे निरीक्षकाला माहीत असून तपासणी लांबवली. उपाय: खाली उतरून पुढच्या गाडीत बसणे. मुदत: ताबडतोब.'

तिसऱ्या दोषापाशी साहेब थांबले. तो त्यांनी दोनदा वाचला. लग्नानंतर बारा वर्षांत जावई या माणसाशी एक वाक्य वाकडं बोलला नव्हता.

"खरंच झोपत नाही?"

"नाही. फोन वाजला की तिचे हातपाय गार पडतात. मला माझी बायको परत हवीय, बाबा. म्हणून आलोय मी. तुमची दया वगैरे करायला माझ्याकडे त्राणच उरलेलं नाही, बावीस चिठ्ठ्या झाल्यात."

साहेबांनी नाक ओढलं. चिठ्ठी पुन्हा वरून खालपर्यंत पाहिली.

"'ताबडतोब' ही मुदत नसते," ते म्हणाले. "वेळ लिहायची असते. पेन द्या." पेन घेऊन त्यांनी तो शब्द खोडला आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: अकरा वाजून दहा मिनिटे. मग खाली, जिथे दोषी माणूस सही करतो तिथे, सही केली.

जावयाने घड्याळात पाहिलं. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

तो ट्रेलरवरून उतरून बाजूला उभा राहिला. साहेब त्यांच्या बंद पडलेल्या गाडीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. एकदा त्यांनी बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. एकदा आरसा नीट केला. मधे गिअरवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. चार मिनिटं म्हणजे केवढी असतात, हे जावयाला त्या दिवशी समजलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. साहेब उतरले, दार लावलं, ते लागलंय का हे ओढून पाहिलं, शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि जीपमध्ये येऊन बसले. शिंपी टेपच्या टोकाने डोळे पुसत होता.

गाव मागे पडलं. ट्रेलर मुकाट मागून येत होता. दहा किलोमीटर झाल्यावर जावयाने जीप रस्त्याकडेला घेतली, कारण नवे पट्टे पहिल्या दहा किलोमीटरांत थोडे बसतातच आणि थांबून पुन्हा ताणावे लागतात, हे त्याला आता झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तो सासऱ्यांच्या उतरण्याची वाट पाहत थांबला.

साहेबांचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. तिथून तो परत मांडीवर आला.

"तुम्ही बघून या," ते म्हणाले. "मी बसतो."

जावई एकटाच खाली उतरला. भर रस्त्यावर वारा होता. त्याने चारही पट्टे पाहिले, दोन जरा जास्त ताणले, ठोकळे, साखळ्या, जोड, दिवे. चक्कर पूर्ण झाली. पण पाय जीपकडे वळेनात. आता पाठीमागे कुणी पॅड घेऊन उभं नव्हतं. चूक राहिली तर ती राहणारच होती. त्याने पुन्हा पहिल्या पट्ट्यापासून सुरुवात केली आणि दुसरी चक्कर मारली, पहिलीपेक्षा हळू.

तो परत येऊन बसला तेव्हा साहेब बाजूच्या आरशात बघत होते.

"दुसरी कशाला मारलीत?" ते म्हणाले. "पहिल्याच चकरेत पास झाला होतात. चला आता, ती वाट बघत असेल."